आधी रेशन मोजा, मग चूल पेटवा: युद्धकाळातले ब्रिटिश पदार्थ आणि जुनी पेयं करताना या चुका टाळा

इंग्लंडमध्ये लीड्सला राहत असताना मी पहिल्यांदा वूल्टन पाय केला, म्हणजे वर आवरण घालून भाजलेला भाज्यांचा पदार्थ. वरचं आवरण लोण्यात मळलेलं, आतल्या भाज्यांवर भरपूर किसलेलं चीज, थोडी सायही. घरच्यांनी दोनदा वाढून घेतला. शेजारच्या आजी दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी शाळकरी मुलगी होत्या, म्हणून मोठ्या हौसेनं त्यांनाही एक तुकडा नेऊन दिला. छान झालाय म्हणाल्या आणि मग विचारलं, एवढं लोणी किती जणांच्या कुपनांचं गं? घरी येऊन हिशेब केला. १०० ग्रॅम लोणी घातलं होतं. १९४१ च्या ब्रिटनमध्ये ते एका माणसाचं जवळजवळ दोन आठवड्यांचं रेशन होतं. चीज तर मी महिन्याभराहून जास्तीचं एका ताटात संपवलं होतं.

या पाककृतींत होणाऱ्या बहुतेक चुका याच एका चुकीच्या पोटातून येतात. आपण नाव तेव्हाचं घेतो आणि सामान आजचं वापरतो. मग पदार्थ एकतर भलताच होतो किंवा बिघडतो, कारण कमी चरबी आणि कमी साखर धरून लिहिलेल्या कृतीत आजचं सामान तसं वागतच नाही.

आठवड्याचा डबा न भरता सुरुवात करणं

ब्रिटनमध्ये रेशनिंग ८ जानेवारी १९४० ला सुरू झालं. आधी बेकन, लोणी आणि साखर, मग मांस, चहा, जॅम, चीज. ते पूर्ण संपलं ४ जुलै १९५४ ला. प्रमाणं सतत बदलत असत, पण एका मोठ्या माणसाचा आठवडा साधारण असा धरता येतो: लोणी ५५ ग्रॅम, मार्जरीन ११५ ग्रॅम, स्वयंपाकाची चरबी ५५ ते ११५ ग्रॅम, साखर २२५ ग्रॅम, चीज ५५ ग्रॅम, बेकन ११५ ग्रॅम, चहाची पावडर ५५ ग्रॅम, दूध तीन पिंट म्हणजे १.७ लिटर आणि अंडं एक. जॅम दोन महिन्यांत एक पौंड. शाकाहारी म्हणून नोंद केली तर मांसाच्या बदल्यात जादा चीज मिळे, हे आपल्याकडच्या अनेक घरांना सोयीचं आहे.

हे सगळं सोमवारी काट्यावर तोलून वेगळ्या डब्यात काढा आणि आठवडाभर त्यातूनच घ्या. एकच पदार्थ करायचा असला तरी डबा भराच. केकमध्ये घातलेली साखर बुधवारच्या चहातून कमी होते, हे हाताला कळलं की कृतीतली विचित्र वाटणारी प्रमाणं आपोआप पटायला लागतात.

बटाटे, गाजर, कोबी आणि ब्रेड यांवर युद्ध चालू असताना रेशन नव्हतं. ‘युद्धातला रेशनचा ब्रेड’ म्हणून मोजून तुकडे वाढणं चूक आहे. ब्रेडवर रेशन आलं ते युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ ते जुलै १९४८.

पिंट, चमचे आणि ‘बेताची भट्टी’

ब्रिटिश पिंट ५६८ मिलिलिटरचा, अमेरिकन ४७३ चा. इंटरनेटवरचं रूपांतर बहुधा अमेरिकन माप धरतं आणि मग पीठ घट्ट होतं. औंस म्हणजे २८ ग्रॅम, पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, जिल म्हणजे पाव पिंट.

चमच्याचा घोटाळा याहून मोठा. त्या काळच्या कृतीत ‘सपाट’ असं लिहिलेलं नसेल तर चमचा फुगीर भरलेला धरायचा. एक टेबलस्पून मैदा म्हणजे साधारण एक औंस. आपण १५ मिलिलिटरचा चमचा सुरीनं सपाट करून घेतो, त्यात जेमतेम आठ-नऊ ग्रॅम बसतात. रस्सा दाट का होत नाही याचं उत्तर पुष्कळदा इथंच असतं. अंड्याची पावडर आणि बेकिंग पावडर यांच्यापुढे मात्र बहुतेक कृतींत ‘सपाट’ लिहिलेलं असतं, ते पाळा.

मंद भट्टी म्हणजे १५० अंश सेल्सिअस, बेताची म्हणजे १८०, कडक म्हणजे २२०.

नॅशनल लोफ: दगड होतो किंवा आतून चिकट राहतो

१९४२ मध्ये आलेल्या या ब्रेडचं पीठ ८५ टक्के उताऱ्याचं होतं. १०० किलो गव्हातून ८५ किलो पीठ काढायचं, म्हणजे जहाजांतून आणावा लागणारा गहू वाचतो. पांढऱ्या पिठाचा उतारा सत्तरीच्या आसपास असे. पिठात कॅल्शियमही मिसळलेलं असे. रंग मळकट करडा आणि पोत ओलसर म्हणून लोकांनी त्याला खूप नावं ठेवली.

पहिली चूक म्हणजे पूर्ण कणकेचा ब्रेड करून त्याला नॅशनल लोफ म्हणणं. गिरणीतल्या कणकेत जवळजवळ सगळा कोंडा असतो. ८५ टक्क्यांच्या जवळ जायचं तर निम्मी कणीक आणि निम्मा मैदा घ्या, हिशेब बरोबर बसतो.

दुसरी चूक पाण्याची, आणि ती फक्त आपल्याकडे होते. जात्यावर किंवा चक्कीवर दळताना गव्हाचा स्टार्च जास्त चिरडला जातो, म्हणून चपातीची कणीक पाणी खूप पिते. ब्रिटिश कृतीतलं पाणी घातलं तर गोळा कोरडा राहतो, फुगत नाही आणि दगड होतो. ५०० ग्रॅम मिश्र पिठाला ३४० मिलिलिटरनं सुरुवात करा, वीस मिनिटं झाकून ठेवा आणि मग हाताच्या अंदाजानं आणखी ३०-४० मिलिलिटर मुरवा. मीठ १० ग्रॅम, कोरडं यीस्ट ७ ग्रॅम. पीठ हाताला किंचित चिकटायला हवं.

आतून चिकट राहतो तो मात्र घाईमुळे. भाजल्यावर तो पूर्ण गार होईपर्यंत कापू नका. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो आणि पातळ कापताही येतो.

वूल्टन पाय: पाणचट, बेचव, किंवा गरम मसाल्याचा

लॉर्ड वूल्टन एप्रिल १९४० पासून ब्रिटनचे अन्नमंत्री होते. त्यांच्या नावाचा हा पाय लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचे मुख्य आचारी फ्रान्सिस लात्री यांनी बसवला. बटाटे, फ्लॉवर, स्वीड (पिवळ्या गराचा मोठा सलगम) आणि गाजर प्रत्येकी एक पौंड, तीन-चार पातीचे कांदे, एक चहाचा चमचा भाज्यांचा अर्क आणि एक टेबलस्पून ओटमील. सगळं जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात दहा मिनिटं शिजवायचं, गार करायचं, पार्सली भुरभुरायची आणि वर कुस्करलेल्या बटाट्याचं किंवा जाड्या पिठाचं आवरण घालून भाजायचं.

पाणचट होण्याची दोन कारणं. एक तर पाणी जास्त. दुसरं ओटमील. ते जाडसर भरडलेलं ओटचं धान्य असतं. आपल्या दुकानातले झटपट ओट्स घातले तर चिकट खळ होते, वगळले तर सगळं सैल राहतं. साधे जाड ओट्स मिक्सरमध्ये दोनदा फिरवून भरड करा, ते चालतात. आणि मिश्रण खरोखर गार होऊ द्या. गरमागरम भाज्यांवर आवरण घातलं की खालून वाफेनं ते भिजतं.

बेचव होतो कारण अर्क विसरला जातो. मार्माइटसारखा यीस्टचा अर्क हाच इथला जीव आहे. एक चमचा पुरतो, पण तो हवाच, आणि सोबत तपकिरी रस्साही हवा. गरम मसाला, आलं-लसूण घालण्याचा मोह मला कळतो. तरी नको. हवी तर मिरपूड आणि किंचित जायफळ घाला. करी पावडरच्या कृतीही त्या काळात होत्या, त्या वेगळ्या करून पाहा.

 महाराष्ट्रात स्वीड सहसा दिसत नाही. नवलकोल त्याच्या चवीच्या बराच जवळ जातो. बीट अजिबात नको, सगळा पाय गुलाबी होतो. वरच्या आवरणाला जुना बटाटा घ्या. नवा बटाटा कुस्करला की चिकट ताणतो.

अंड्याची पावडर, खोटी साय आणि केक

१९४२ पासून दर चार आठवड्यांनी एक पाकीट मिळे, बारा अंड्यांचं. एक सपाट टेबलस्पून पावडर आणि दोन टेबलस्पून पाणी म्हणजे एक अंडं. पाणी एकदम ओतलं की गुठळ्या होतात. आधी थोड्या पाण्यात पेस्ट करा, मग उरलेलं घाला, पाच मिनिटं मुरू द्या आणि लगेच वापरा. भिजवलेली पावडर उद्यासाठी ठेवू नका, कच्च्या अंड्याइतकीच ती नासते. आपल्याकडे बेकरीच्या सामानात मिळणारी पावडर घेताना ती पूर्ण अंड्याची आहे ना ते बघा. नुसत्या पांढऱ्याची असेल तर ऑम्लेट रबरासारखं होतं.

खोट्या सायीसाठी पाव पिंट दुधात एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर शिजवून घट्ट करायचं, आणि ते फेटलेल्या मार्जरीन-साखरेत चमचा-चमचा घालायचं. फुटते ती नव्वद टक्के वेळा खळ गरम असताना घातल्यामुळे. खळ मार्जरीनइतकीच थंड हवी. फुटलीच तर वाटी पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटा, बहुतेकदा जुळून येते.

मार्जरीनच्या जागी वनस्पती तूप घालत असाल तर प्रमाण पाचव्या हिश्शानं कमी करा. मार्जरीनमध्ये पाण्याचा अंश असतो, वनस्पतीत नसतो. ब्रेडला लावायचं मऊ स्प्रेड याच्या उलट. त्यात पाणी इतकं असतं की केक बसतो.

बिनअंड्याच्या केकात ‘सेल्फ रेझिंग’ पीठ लिहिलेलं असतं आणि आपण साधा मैदा घेतो. १५० ग्रॅम मैद्याला दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर मिसळा. कृतीत वेगळी बेकिंग पावडर सांगितली असेल तर ती याशिवाय. मिश्रण तयार झालं की थांबू नका, सरळ भट्टीत.

गाजराच्या केकवर क्रीम चीजचा थर देऊन त्याला युद्धकाळातला म्हणणं तर सोडाच. १९४० मध्ये केकवर साखरेचं आइसिंग करायलाच बंदी आली. लग्नात पुठ्ठ्याचा सजवलेला केक ठेवत आणि त्याखाली छोटासा खरा केक असे. मी हे एकदा पुठ्ठा आणि प्लॅस्टर लावून केलं. पुठ्ठा उचलल्यावर खालचा तळहाताएवढा केक बघून सगळे गप्प झाले होते.

तेव्हा केलं म्हणून सुरक्षित होतं असं नाही

इथं मात्र जुन्या कागदाशी इमान राखू नका. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ऱ्हुबार्बची पानं भाजीसारखी खायला सांगितलं गेलं आणि लोकांना विषबाधा झाली. देठ खायचे, पानं टाकायची.

भाज्या बरण्यांत उकळत्या पाण्यात बंद करून ठेवणं धोक्याचं आहे. वाटाणा, फरसबी, गाजर यांत आंबटपणा नसतो, त्यामुळे बोटुलिझमचे जंतू तग धरतात. साध्या उकळण्यानं ते मरत नाहीत आणि वासानं कळतही नाहीत. फरसबी टिकवायची तर त्या काळचीच मिठाची पद्धत घ्या: तीन पौंड शेंगांना एक पौंड मीठ, थरावर थर, दाबून. मीठ जास्त वाटतं म्हणून निम्मं केलं की आठवड्यात बुळबुळीत होतं. खाण्याआधी धुवायची आणि पाण्यात भिजवून ठेवायची.

गवताच्या पेटीत शिजवणं मला फार आवडतं. उकळतं पातेलं गवतात गुंडाळून ठेवायचं, इंधन वाचतं. पण राजमा आधी चुलीवर खळखळ दहा मिनिटं उकळायलाच हवा, नाहीतर त्यातलं विष जात नाही. पेटी मध्येच उघडू नका. बाहेर काढल्यावर पदार्थ वाफाळता नसेल तर पुन्हा उकळून मगच वाढा.

आपल्याकडच्या आठवणींची सरमिसळ

घरातल्या मोठ्यांना ‘रेशनचं अन्न’ विचारलं की लाल मिलो (अमेरिकन लाल ज्वारी) आणि सुकडी आठवते. त्या आठवणी अमेरिकेहून येणाऱ्या धान्याच्या आणि १९७२ च्या दुष्काळाच्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट निराळी: मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला आणि मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली. ब्रिटिश पोस्टर्स आणि झेंड्यांची सजावट करून त्याच टेबलावर आपल्याकडचं ‘युद्धकाळातलं जेवण’ मांडू नका. दोन्हीकडची टंचाई एका मापाची नव्हती.

पेयं: कोणत्या दशकातलं आहे ते आधी ठरवा

लिंबाचं बार्ली वॉटर आणि जिंजर बिअर ‘युद्धकाळातली थंडाई’ म्हणून सर्रास वाढतात. बाटलीतलं लिंबू-बार्लीचं पेय १९३५ मध्ये विम्बल्डनच्या खेळाडूंसाठी बनलं. युद्धात लिंबं येणं जवळपास थांबलं होतं. तेव्हाचा आंबटपणा आणायचा तर सायट्रिक ॲसिडची चिमूट वापरा. जव आधी एक उकळी आणून ते पाणी फेकून द्या, मग ६० ग्रॅम जवाला सव्वा लिटर ताजं पाणी. पहिलं पाणी फेकलं नाही तर गार झाल्यावर जेली होते. गोडीला सॅकरिनची गोळी घालणार असाल तर पेय उतरवल्यावर घाला. शिजताना घातली की कडू लागते.

कॅरोलेड हे मात्र अस्सल त्या काळातलं. गाजर आणि स्वीड सारखं घेऊन किसायचं आणि मलमलीच्या फडक्यातून पिळायचं. मिक्सरमध्ये पाणी घालून फिरवलं तर फेसाळ गाळ मिळतो. केशरी गाजर घ्या. हिवाळ्यातलं लाल गाजर फार गोड पडतं. स्वीडऐवजी पांढरा सलगम चालतो, पण साल जाड काढा, कडवटपणा तिथंच असतो. लगेच प्या, अर्ध्या तासानं कोबीसारखा वास येतो.

कॉफीवर ब्रिटनमध्ये कधीच रेशन नव्हतं, लोक चिकोरीचा बाटलीतला अर्क पीत ती जुनी सवय. ओकच्या फळांची कॉफी जर्मनीतली, ती ब्रिटिश टेबलावर नको.

जिंजर बिअरच्या साडेचार लिटरला सुमारे ४५० ग्रॅम साखर लागते, एका माणसाचं दोन आठवड्यांचं रेशन. त्यामुळे मी ती युद्धाच्या आधीच्या उन्हाळ्यातली म्हणून करते. बिघडते ती तीन ठिकाणी. आलं, साखर आणि पाण्याचं विरजण बुडबुडे देत नसेल तर आलं धुऊन-सोलून घेतलेलं असतं. सालीवरचं नैसर्गिक यीस्ट त्याबरोबर जातं. सालीसकट किसा, रोज एक चमचा आलं आणि एक चमचा साखर, नळाचं पाणी असेल तर उकळून गार केलेलं. दाण्यांसारखं दिसणारं खरं ‘जिंजर बिअर प्लांट’ वेगळं. त्यात यीस्ट आणि जिवाणू एकत्र राहतात, हे हॅरी मार्शल वॉर्ड यांनी १८९२ मध्ये दाखवून दिलं. दुसरं, वेळ. इंग्लंडमध्ये बाटल्यांना आठवडा लागतो, पुण्यात एप्रिलमध्ये दोन दिवस पुरतात. कृतीतला आठवडा पाळून माझी एक काचेची बाटली ओट्याखाली फुटली. नशिबानं रात्री फुटली, जवळ कुणी नव्हतं. आता प्रत्येक घाण्यातली एक बाटली प्लॅस्टिकची भरते. ती दाबली जाईनाशी झाली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. तिसरं, लहान मुलांना देताना लक्षात ठेवा, आंबल्यामुळे तिच्यात थोडं अल्कोहोल असतं.

रोझहिपचं, म्हणजे रानगुलाबाच्या फळांचं सिरप सगळ्यात मोलाचं. संत्री मिळेनात तेव्हा शाळांची मुलं, स्काउट आणि गावोगावच्या बायकांनी कुंपणांवरची ही फळं टोपल्या भरून गोळा केली. ९०० ग्रॅम फळं भरड वाटायची आणि त्याच क्षणी १.७ लिटर उकळत्या पाण्यात टाकायची. वाटून ठेवून दिली की फळातलीच विकरं क जीवनसत्त्व संपवतात, ही नेहमीची चूक. उकळी आली की उतरवून पंधरा मिनिटं, मग फडक्यातून गाळा. चोथ्यावर ८५० मिलिलिटर उकळतं पाणी घालून दहा मिनिटांनी पुन्हा गाळा. बियांभोवतीची बारीक लव घशाला खाजते, म्हणून फडकं दुहेरी हवं आणि दुसऱ्या वेळी स्वच्छ धुतलेलं. सगळा रस ८५० मिलिलिटर उरेपर्यंत आटवा, ५६० ग्रॅम साखर, पाच मिनिटं उकळी. पातेलं स्टीलचं घ्या; लोखंडाचं किंवा ॲल्युमिनियमचं नको. आणि बागेतल्या फवारणी केलेल्या गुलाबांची फळं मुळीच घेऊ नका.

महाराष्ट्रात रानगुलाबाची फळं मिळत नाहीत. वाळवलेली मिळाली तर वजन निम्म्याहून कमी घ्या. आवळा घालून हेच सिरप करणार असाल तर त्याला आवळ्याचंच नाव द्या. त्याचाही स्वतःचा इतिहास आहे: १९३९-४० च्या हिस्सारच्या (आताच्या हरियाणातलं) दुष्काळात स्कर्व्हीवर आवळाच उपयोगी पडला होता.

सिरप लहान बाटल्यांत गरम असतानाच भरा, मोठ्या बाटलीत नको. उघडली की आठवडा-दोन आठवड्यांत बुरशी धरते. तेव्हा मुलांना दिवसाला एक-दोन चहाचे चमचे देत, त्या हिशेबानं बाटल्या निवडा आणि झाकणावर तारीख लिहून ठेवा.